कपाटाएवढी एक कांजी: 'दिवस' शिकताना कुठून सुरुवात करायची

जपानी शिकायला लागलेले बरेचजण हिरागाना-काताकाना या उच्चार दाखवणाऱ्या दोन लिप्या महिन्याभरात उरकतात आणि मग कांजीची, म्हणजे चीनमधून आलेल्या अर्थवाही अक्षरांची, यादी समोर आली की गार पडतात. आकडे आहेतच तसे, जपानमधल्या मुलांना सहावीपर्यंत १०२६ कांजी शिकाव्या लागतात आणि रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत २१३६ आहेत. मग आपण काय करतो, तर रोज दहा असं टार्गेट लावतो, एकेकीसमोर अर्थ आणि चार-पाच उच्चार लिहून घोकत बसतो, आणि पंधरा दिवसांनी पहिल्या दहातल्या निम्म्या आठवत नाहीत. पुण्यात शिकत असताना आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, हे बघितलं आणि सगळ्यांना एक आठवडा एकच कांजी दिली. तो आठवडा संपला तेव्हा माझ्या वहीत चाळीसेक शब्द होते आणि त्यातला एकही मी पाठ केला नव्हता. तेव्हापासून मी कुणालाही शिकवायला घेतलं की तीच कांजी आणि तसंच शिकवते. इथेही तेच करूया.

कांजी आहे 'दिवस' आणि 'सूर्य' या अर्थाची. अक्षर मी इथे छापून देत नाहीये, हे मुद्दाम. मी सांगते तशा चार रेघा ओढल्यात की ते तुमच्या कागदावर येईलच, आणि हाताखालून गेलेलं अक्षर नुसत्या बघितलेल्या अक्षरापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. तर वही-पेन घेऊनच वाचायला बसा.

पायरी १: चार रेघा

गणिताची चौकटीची वही घ्या, चार चौकटी मिळून एक मोठा चौकोन धरा. पहिली रेघ डावीकडे, उभी, वरून खाली. दुसरी रेघ पहिलीच्या वरच्या टोकापासून सुरू करायची, उजवीकडे आडवी न्यायची आणि पेन न उचलता कोपऱ्यावर वळून सरळ खाली आणायची, वळण असलं तरी ही एकच रेघ मोजतात. तिसरी रेघ मधोमध आडवी. आणि चौथी अगदी शेवटी, तळाची आडवी, जसं सगळं आत ठेवून झालं की मग दार लावतो तसं. झालं. उभा आयत आणि मधे एक फळी, म्हणजे दोन कप्प्यांचं छोटं कपाट दिसायला पाहिजे. उंची रुंदीपेक्षा थोडी जास्त ठेवा, आडवं पसरलं की ते वेगळंच अक्षर होतं.

इथे आपल्या लोकांची एक सवय आड येते. चौकोन म्हटला की आपण पेन न उचलता गोल फिरवून पूर्ण करतो आणि मग आत रेघ मारतो. दुसरं म्हणजे देवनागरी लिहिताना आपण आधी अक्षरं काढतो आणि शिरोरेघ शेवटी देतो, त्यामुळे 'वरची रेघ शेवटी' हे हातात पक्कं बसलेलं असतं. इथे उलट आहे, वरची रेघ लवकर येते आणि तळ शेवटी. कुणी म्हणेल दिसायला सारखंच दिसतं ना मग काय फरक पडतो, तर पडतो, कारण डिक्शनरीत कांजी रेघांच्या संख्येवरून शोधता येते, फोनवर बोटाने लिहून शोधायची असेल तेव्हाही रेघांचा क्रम बरोबर असला तर लगेच सापडते, आणि पुढे हीच कांजी दुसऱ्या पंचवीस कांज्यांच्या पोटात येते तेव्हा चुकीची सवय तिथेही जाते. सगळ्या रेघा शेवटी ठाम थांबवायच्या, त्याला 'तोमे' म्हणतात. दुसऱ्या रेघेच्या टोकाला आकडा काढायचा नाही, शेपूट ओढायचं नाही.

पंधरा वेळा लिहा. शंभर वेळा नको, पंधरा वेळा पण प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा सरळ.

हे अक्षर मुळात चित्र होतं. तीनेक हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये बैलांच्या हाडांवर आणि कासवाच्या कवचावर लिहायचे तेव्हा सूर्य म्हणजे एक गोल आणि मधे ठिपका किंवा छोटी रेघ असं काढायचे. हाडावर गोल कोरणं अवघड, म्हणून त्याला कोपरे आले, आणि पुढे ब्रशने लिहिताना ते पक्के झाले. कपाट लिहिताना मनात सूर्य ठेवा, मधली फळी म्हणजे तो ठिपका.

पायरी २: अर्थ मराठीतूनच घ्या

इंग्रजी पुस्तकात या कांजीसमोर दोन अर्थ दिलेले असतात, सूर्य आणि दिवस, आणि विद्यार्थी ते दोन वेगळे म्हणून पाठ करतात. मराठी माणसाला त्याची काहीच गरज नाही. आपल्या गावाकडे 'दिवस उगवला', 'दिवस डोक्यावर आला', 'दिस मावळायच्या आत घरी ये' असं म्हणतातच की. तिथे उगवतो तो सूर्य असतो आणि तरी शब्द दिवस आहे. माझी आजी घड्याळ बघायची नाही, ओसरीतून आभाळाकडे बघून 'दिस कासराभर वर आलाय' म्हणायची. ही कांजी म्हणजे नेमका तो 'दिस'. एकदा हे डोक्यात बसलं की पुढे कुठल्या शब्दात सूर्य घ्यायचा आणि कुठल्यात दिवस हे आपोआप कळायला लागतं.

फक्त एक लक्षात ठेवा, आकाशातला ग्रहगोल म्हणून जो सूर्य, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला, त्याला जपानीत 'ताइयोऽ' हा वेगळा शब्द आहे आणि त्यात ही कांजी सुटी येत नाही. आपल्या कांजीतला सूर्य हा ऊन देणारा, उगवणारा, मावळणारा सूर्य आहे. लहान मुलं त्याला 'ओहिसामा' म्हणतात, आपण चांदोमामा म्हणतो तितक्याच लाडाने.

पायरी ३: एका अक्षराला इतके उच्चार का?

इथे सगळ्यात जास्त लोक अडतात म्हणून इथे जरा थांबूया. या कांजीचे मुख्य उच्चार 'हि', 'का', 'निचि' आणि 'जित्सु', शिवाय 'हि' शब्दाच्या शेवटी गेला की बहुतेक वेळा 'बि' होतो. हे ऐकून पहिला प्रश्न येतो की मग मी अक्षर बघितल्यावर वाचायचं काय?

आता हाताकडे बघा. एकटा असेल तर आपण 'हात' म्हणतो. पण सही म्हणजे 'हस्ताक्षर', हाताने लिहिलेलं म्हणजे 'हस्तलिखित'. कुणी 'हाताक्षर' म्हणत नाही आणि 'माझा हस्त दुखतोय' असंही म्हणत नाही. पाणी प्यायचं, पण वीज 'जलविद्युत'. म्हणजे घरातला शब्द एकट्याने वापरायला आणि संस्कृतातून आलेला शब्द जोडशब्दात. जपानीत अगदी हेच आहे, फक्त संस्कृतच्या जागी चिनी आहे. त्यांचा घरातला उच्चार तो 'कुन', आणि चीनमधून आलेला उच्चार तो 'ओन'. 'हि' आणि 'का' हे कुन, 'निचि' आणि 'जित्सु' हे ओन. ओन दोन का, तर हे अक्षर चीनमधून एकदाच आलं नाही, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या भागातल्या उच्चारांसकट आलं, 'निचि' आधीचा आणि 'जित्सु' नंतरचा. कल्पना करा आपण 'हात' आणि 'हस्त' दोन्हीसाठी एकच चिन्ह वापरत असतो, तर चिन्ह एक आणि वाचायचं मात्र शब्द बघून. आपल्याला ते अवघड गेलं असतं का? नसतं गेलं, कारण शब्द आधीच तोंडात आहेत.

म्हणून नियम एकच, उच्चार सुटे पाठ करायचे नाहीत, शब्द शिकायचे. उच्चार शब्दाबरोबर येतो.

उच्चाराबद्दल मराठी लोकांसाठी एक आनंदाची गोष्ट. 'जित्सु'मधला 'त्सु' बऱ्याच भाषांच्या लोकांना जमत नाही. आपल्याकडे तो घरचाच आहे, 'चूल' किंवा 'चूक' म्हणताना जो च येतो तो. आणि 'निचि'मधला च म्हणजे 'चिवडा'तला च. लांब स्वर मी इथे ऽ असं दाखवतेय, तो खरंच लांबवायचा, नाहीतर अर्थ बदलतो, पुढे उदाहरण येईलच.

पायरी ४: 'हि'चे शब्द

पहिल्या दिवशी फक्त हे. 'हि' म्हणजे दिवस किंवा ऊन. 'हिनोदे' म्हणजे सूर्योदय, शब्दशः दिसाचं बाहेर येणं. 'हिनोइरि' सूर्यास्त, दिसाचं आत जाणं. 'आसाहि' सकाळचं कोवळं ऊन किंवा सकाळचा सूर्य, 'यूऽहि' संध्याकाळचा. जपानच्या पांढऱ्या झेंड्यावर जो लाल गोळा आहे त्यामुळे झेंड्याला 'हिनोमारु' म्हणतात, मारु म्हणजे गोल. १९९९ साली कायदा करून तो अधिकृत राष्ट्रध्वज ठरवला, वापरात मात्र त्याच्या खूप आधीपासून होता.

'हिनाता' म्हणजे जिथे ऊन येतं ती जागा आणि 'हिकागे' म्हणजे सावलीची जागा. जपानमध्ये घर भाड्याने घेताना ऊन किती येतं हे सगळे आवर्जून विचारतात, कारण गाद्या वाळत घालायच्या असतात, त्यामुळे हे दोन शब्द पुस्तकी नाहीत. 'हियाके' म्हणजे उन्हाने रापणं, 'हिगासा' उन्हाची छत्री. 'हिगाएरि' मला फार आवडतो, सकाळी जाऊन त्याच दिवशी परत येणं, मुक्काम न करता. 'हिझुके' म्हणजे तारीख. आणि तुमच्या घरात कदाचित या कांजीचं नाव आधीच आहे, 'हिताचि' कंपनीचं नाव याच कांजीने सुरू होतं, हि आणि ताचि, ताचि म्हणजे उभं राहणं. इबाराकी प्रांतातल्या गावाचं नाव ते, तिथे कंपनी १९१० साली सुरू झाली. भिंतीवरच्या एसीकडे बघून एकदा कपाट आठवा.

शब्दाच्या शेवटी 'बि' होतो तो असा: 'तान्जोऽबि' वाढदिवस, 'किनेन्बि' एखाद्या गोष्टीचा स्मरणदिन, लग्नाचा वाढदिवस वगैरे, 'तेइक्यूऽबि' दुकानाची ठरलेली साप्ताहिक सुट्टी. हिरागाना शिकताना ह वर दोन छोट्या रेघा दिल्या की ब होतो हे शिकलात ना, ते इथे कामाला येतं. छोटा गोल दिला की प होतो, आणि तोही एका शब्दात येतो, 'सेइनेन्गाप्पि' म्हणजे जन्मतारीख. जपानमध्ये राहायला गेलात की वॉर्ड ऑफिस, बँक, सिमकार्ड, दवाखाना, जिथे जाल तिथे फॉर्मवर हा शब्द असतो. चार कांजी, जन्म, वर्ष, महिना, दिवस. पूर्ण वाचता नाही आला तरी शेवटी कपाट दिसलं की समजा इथे जन्मतारीख मागितली असणार. आणि पुढे रिकाम्या जागेत वर्ष, महिना, दिवस अशाच क्रमाने लिहायचं, आपल्यासारखं दिवस आधी नाही. कधीकधी जपानी सनात वर्ष मागतात, इसवी सनात नाही, चालू सन 'रेइवा' १ मे २०१९ पासून सुरू झाला.

पायरी ५: 'निचि' आणि 'जित्सु'

'माइनिचि' म्हणजे रोज. 'इचिनिचि' म्हणजे एक दिवस किंवा दिवसभर. हे दोन आधी घ्या, वाक्यात लगेच वापरता येतात. मग येते संधी. शाळेत सत् अधिक जन सज्जन, उत् अधिक लास उल्लास केलंय ना, तसंच 'निचि'चं पुढच्या अक्षराशी होतं. निचि आणि कि मिळून 'निक्कि', म्हणजे डायरी. निचि आणि तेइ मिळून 'नित्तेइ', कार्यक्रमाचं वेळापत्रक. निचि आणि कोऽ मिळून 'निक्कोऽ', सूर्यप्रकाश, आणि तोऽक्योऽच्या उत्तरेला देवळांसाठी प्रसिद्ध असलेलं गावही याच दोन अक्षरांनी लिहितात. शेअर बाजाराच्या बातम्यांत रोज ऐकतो तो 'निक्केई' निर्देशांक म्हणजे निचि आणि केइ, जपान आणि अर्थव्यवस्था. 'निसान' गाडी म्हणजे निचि आणि सान, जपान आणि उद्योग. आणि या दोन्हीत निचि म्हणजे जपान कसं, तर देशाचं नावच 'निहोन' किंवा 'निप्पोन', कपाट आणि त्यापुढे 'मूळ' या अर्थाची कांजी, म्हणजे सूर्य जिथून निघतो ती जागा. ६०७ साली जपानच्या दरबाराने चीनच्या सम्राटाला पाठवलेल्या पत्रात 'सूर्य उगवणाऱ्या देशाचा राजा मावळणाऱ्या देशाच्या राजाला' असा मजकूर होता आणि तो सम्राटाला अजिबात आवडला नाही अशी चिनी इतिहासात नोंद आहे. बातम्यांच्या मथळ्यांत देशाचं नाव तोडून फक्त आपली कांजी ठेवतात, 'राइनिचि' म्हणजे जपानमध्ये येणं.

'जित्सु'चे शब्द जरा ऑफिशियल वाटतात. 'क्यूऽजित्सु' सुट्टीचा दिवस, 'शुकुजित्सु' सरकारी सणाची सुट्टी, 'हेइजित्सु' साधा कामाचा दिवस, 'तोऽजित्सु' त्या ठरलेल्या दिवशी, 'होन्जित्सु' आज, पण दुकानातल्या घोषणेतलं आज. स्टेशनवरच्या वेळापत्रकात दोन वेगळे तक्ते असतात, एक हेइजित्सुचा आणि एक शनिवार-रविवार-सुट्टीचा, आणि चुकीच्या तक्त्यात बघून गाडी गेली असं नवीन आलेल्या माणसांचं हमखास होतं. निचि कुठे आणि जित्सु कुठे याचा पक्का नियम शोधू नका, नाहीये. शब्द म्हणा, कानाला सवय होते.

पायरी ६: वार, आणि ही आपलीच गोष्ट आहे

रविवार म्हणजे 'निचियोऽबि'. लिहून बघा, तीन कांजी, पहिली कपाट, शेवटची कपाट. पहिली वाचायची 'निचि' आणि शेवटची 'बि'. एकाच शब्दात एकच अक्षर दोनदा आणि दोन्हीकडे वेगळं, पहिल्यात सूर्य आणि दुसऱ्यात दिवस. मला कुणी विचारलं की उच्चार सुटे पाठ का करायचे नाहीत तर मी हाच शब्द दाखवते. आपल्याकडेही तसंच आहे, रवि म्हणजे सूर्य आणि वार म्हणजे दिवस.

आणि साम्य इथे थांबत नाही. सोमवार चंद्राचा, 'गेत्सुयोऽबि', गेत्सु म्हणजे चंद्र. मंगळवार 'कायोऽबि', का म्हणजे अग्नी, मंगळ हा त्यांच्याकडे अग्नीचा तारा. बुध पाण्याचा, म्हणून 'सुइयोऽबि'. गुरू लाकडाचा, 'मोकुयोऽबि'. शुक्र धातूचा, 'किन्योऽबि'. शनी मातीचा, 'दोयोऽबि'. म्हणजे ग्रह तेच, वार तेच, क्रम तोच. हे योगायोगाने नाही. आठव्या शतकात अमोघवज्र नावाच्या बौद्ध आचार्याने भारतीय ज्योतिषातली नक्षत्रं आणि ग्रहवार यांच्यावरचा ग्रंथ चिनी भाषेत तयार केला, आणि ८०६ साली कूकाइ हा जपानी भिक्षू चीनमधून परतला तेव्हा तो सोबत घेऊन आला. दरबारी पंचांगात हे वार तेव्हापासून लिहायचे. रविवारची सुट्टी मात्र खूप नंतरची, १८७६ मध्ये सरकारी कचेऱ्यांना लागू झाली. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलांना सातही वार एका बैठकीत येतात, कारण पाठ करायचं काही उरतच नाही, मंगळ म्हटलं की आग, बुध म्हटलं की पाणी, एवढंच जोडायचं.

कॅलेंडरवर आणि पोस्टरवर पूर्ण शब्द नसतो, तारखेपुढे कंसात एकटं अक्षर असतं. तारखेपुढे कपाट दिसलं म्हणजे तो रविवार, 'दिवस' असं वाचू नका.

पायरी ७: तारखा, इथे घाई नको

महिन्याच्या तारखा या कांजीचा सगळ्यात कठीण भाग आहे आणि हा पाठ करावाच लागतो, त्याला इलाज नाही. ११ पासून पुढे बहुतेक तारखांना आकडा आणि 'निचि' एवढंच आहे, 'जूऽइचिनिचि', 'जूऽनिनिचि'. पण पहिल्या दहा जुन्या जपानी आकड्यांवर जातात: १ 'त्सुइताचि', २ 'फुत्सुका', ३ 'मिक्का', ४ 'योक्का', ५ 'इत्सुका', ६ 'मुइका', ७ 'नानोका', ८ 'योऽका', ९ 'कोकोनोका', १० 'तोऽका'. शिवाय १४ 'जूऽयोक्का', २० 'हात्सुका' आणि २४ 'निजूऽयोक्का'. आपल्याकडे नाही का, तिथ्या म्हणजे प्रतिपदा, द्वितीया, पण सण आला की पाडवा आणि बीज, दिवाळीचा पाडवा आणि भाऊबीज. परक्या माणसाला आपण कसं समजावणार की बीज म्हणजे द्वितीया? तसंच हे, जुनं घरातलं रूप नेहमीच्या वापराच्या जागी टिकून राहिलंय. त्सुइताचि म्हणजे मुळात 'त्सुकि ताचि', चंद्र उभा राहिला, नवा महिना लागला.

घोळ होतो तो ४ आणि ८ चा. योक्कामध्ये क वर जोर देऊन थांबायचं, योऽकामध्ये यो लांबवायचा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने इंटरव्ह्यूची तारीख फोनवर ऐकली योऽका आणि लिहून घेतली ४. सुदैवाने ४ तारीख आधी येते त्यामुळे तो चार दिवस लवकर पोचला, उलट झालं असतं तर संधी गेली असती. फोनवर तारीख ऐकली की आकडा सुटा करून परत विचारायची सवय लावा.

फुत्सुकापासून पुढे हाच शब्द तारखेलाही आणि किती दिवस याच्यासाठीही चालतो, मिक्का म्हणजे ३ तारीख आणि तीन दिवसही. फक्त १ ला वेगळं आहे. तारीख असेल तर त्सुइताचि, एक दिवस असेल तर इचिनिचि, आणि लिहिताना दोन्ही सारखंच. जपानमध्ये मला पहिल्यांदा ताप आला तेव्हा औषधाच्या कागदी पाकिटावर १, मग आपली कांजी, मग ३ आणि पुढे दोन-तीन अक्षरं असं छापलेलं होतं. ताप असताना डिक्शनरी उघडायची ताकद नव्हती, पण ते कपाट ओळखलं आणि कळलं की दिवसातून तीन वेळा घ्यायचंय. तिथे ते 'इचिनिचि' आहे, १ तारीख नाही. बिस्किटाच्या पुड्यामागे बघा, 'निक्कोऽ' हा शब्द सापडेल, थेट उन्हात ठेवू नका असं लिहिलेलं असतं.

मिक्कावरून एक म्हण आठवली, 'मिक्का बोऽझु', तीन दिवसांचा भिक्षू. मोठ्या उत्साहाने मठात जाणारा आणि चौथ्या दिवशी परत येणारा. आपल्याकडे आरंभशूर म्हणतो तोच माणूस.

पायरी ८: आज, उद्या, काल

'क्योऽ' आज, 'आशिता' उद्या, 'किनोऽ' काल. तिन्ही दोन-दोन कांज्यांनी लिहितात आणि तिन्हीत दुसरी आपलीच आहे, पण उच्चारात हि, निचि, का काहीच ऐकू येत नाही. इथे लोक वैतागतात. तर १९ हा आकडा वाचा. एकोणीस. त्यात नऊ कुठे ऐकू आला? लिहिलंय एक आणि नऊ, वाचतो मात्र वीसला एक कमी या अर्थाचा अख्खा शब्द. क्योऽ तसाच, 'आत्ता' आणि 'दिवस' ही दोन अक्षरं मिळून अख्ख्या शब्दाला दिलेली आहेत, अर्थ बघून, उच्चार बघून नाही. गंमत म्हणजे हीच दोन अक्षरं अक्षरशः वाचली तर 'कोन्निचि' होतं, आणि पुढे 'वा' लावला की आपला सगळ्यांना माहीत असलेला नमस्कार, कोन्निचि वा, म्हणजे 'आजचा दिवस तर...' असं अर्धवट सोडलेलं वाक्य. नमस्कार म्हणून ते आता हिरागानातच लिहितात.

आपला 'परवा' दोन्हीकडे चालतो, गेलेला आणि येणारा. जपानीत गेलेला 'ओतोतोइ' आणि येणारा 'आसात्ते', मराठी डोक्याने बोलताना इथे गडबड होते, तेवढं सांभाळा.

पायरी ९: जुळी भावंडं आणि पोटात शिरलेली

कपाटात एक फळी आपली. फळीच नसेल तर ते 'तोंड', आणि ते बुटकं असतं. दोन फळ्या असतील तर 'डोळा'. फळीला छेद देणारी उभी रेघ असेल तर 'भातशेत'. डोक्यावर छोटा तिरका टिपका असेल तर 'पांढरा'. तळ उघडा आणि आत दोन फळ्या असतील तर तो 'चंद्र', त्याच्या उजव्या पायाला आकडा असतो. ही सहा अक्षरं एका ओळीत लिहून फ्रिजवर लावा, दोन दिवसांत डोळे फरक पकडतात.

पुढे हे कपाट बारीक होऊन दुसऱ्या अक्षरांच्या डाव्या बाजूला जातं, तेव्हा त्याला 'हिहेन' म्हणतात. शेजारी चंद्र आला की 'उजेड'. शेजारी 'निळा' आला की 'आभाळ निवळणं'. 'वेळ', 'काल' आणि 'वार' यांच्या कांज्यांतही डावीकडे तेच आहे. 'वसंत ऋतू'त ते खाली असतं, 'लवकर'मध्ये वर. अनोळखी कांजीत कपाट दिसलं की ऊन, उजेड किंवा वेळ यांच्याशी संबंध असेल असा अंदाज धरा, दरवेळी खरा नाही ठरणार पण बऱ्याचदा ठरतो.

पायरी १०: आठवडा कसा लावायचा

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पहिल्या दिवशी रेघा आणि 'हि'चे पाच शब्द, दुसऱ्या दिवशी 'बि', तिसऱ्या दिवशी 'निचि', चौथ्याला 'जित्सु', पाचव्याला वार, आणि शेवटचे दोन दिवस फक्त तारखा आणि आज-उद्या. कार्ड बनवत असाल, कागदाचं किंवा आंकी या कार्डांच्या अ‍ॅपवर, तर समोरच्या बाजूला एकटी कांजी लिहू नका, पूर्ण शब्द लिहा, आणि मागे उच्चार आणि एक छोटं वाक्य स्वतःचं. 'माझा वाढदिवस अमुक तारखेला' हे वाक्य बनवलंत की तान्जोऽबि पण आला आणि तुमची तारीखही. फोनमध्ये गूगलच्या जीबोर्डचा जपानी कीबोर्ड टाकून घ्या, क्योऽ टाइप केलं की कांजी सुचवतो, ती निवडायची सवय झाली की वाचणं आपोआप पक्कं होतं. पण टाइप करून लिहिणं येत नाही, म्हणून वही सोडू नका.

आणि रोज रात्री 'निक्कि' लिहा, एकच ओळ, वर महिना-तारीख आणि कंसात वाराचं अक्षर. एका ओळीत कांजी दोनदा-तीनदा येते, आणि महिन्याभरात सगळ्या तारखा एकदा तरी हाताखालून जातात. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फाइव्ह, म्हणजे सगळ्यात सोपी पातळी, देणार असाल तर ती जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यातही सेंटर असतं, आणि परीक्षेचा वार नेहमी निचियोऽबि.

आठव्या दिवशी चंद्राची कांजी घ्या. वर्षातले बारा महिने तिच्यात आहेत, सोमवार आहे, आणि 'उजेड' तर तुम्हाला अर्धा आलेलाच आहे.